तिरप्या फासळ्या

सरस थंड व्हायला लागला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही, असं बाबा म्हणायचे, आणि मग स्वतःच त्याच्याशी बोलत बसायचे. त्या दिवशीही पातेल्यातल्या तपकिरी चिकट पाकाला त्यांनी आधी दटावलं, मग गोंजारलं, आणि वळून न बघता हात मागे केला.

"असिस्टंट, ब्रश."

लेक ब्रश घेऊन उभीच होती. रविवार असल्यामुळे चष्म्याचं दुकान बंद होतं. एरवी ती दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत विचारायची, आता बरं दिसतं, की मघाशी बरं दिसत होतं? रविवारी तिला असं काही विचारावं लागत नसे. हे धर, ते दे, तिकडून दाब, एवढंच. तिला त्यात फार बरं वाटायचं, पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशीचं काम मोठं होतं. तापल्या नळीवर वाकवलेल्या दोन्ही कडा जोडून गिटारीच्या पोटाचा घेर तयार झाला होता. त्याच्यावर आज पुढची फळी बसवायची होती. तिला बाबा तबली म्हणत. पुठ्ठ्याइतकी पातळ फळी, आतल्या अंगाला बारीक पट्ट्या चिकटवलेली. त्या पट्ट्यांचं नाव बाबांनी ठेवलं होतं फासळ्या. फासळ्या नसत्या, तर तारांच्या ओढीने तबली फुगून फाटलीच असती.

बाबांनी सरस फिरवला, दोघांनी मिळून तबली घेरावर टेकवली, आणि मग आवळायची घाई सुरू झाली. विकतचे क्लॅम्प बाबांना परवडतही नव्हते आणि पटतही नव्हते. दोऱ्याच्या रिकाम्या रिळांत लांब बोल्ट घालून त्यांनी घरीच क्लॅम्प केले होते. शिवणकाम करणाऱ्या बायकांकडून रिळं मागून आणायचं काम लेकीचं. घेरभर रिळं लागली, तेव्हा ती वस्तू गिटारीपेक्षा एखाद्या आजारी जनावरासारखी दिसायला लागली.

आई दारात येऊन बघत होती. "जन्मात एवढं घट्ट कशाला धरलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

"तू सुटून कुठे जातेस?" बाबा शेवटचा बोल्ट पिळत म्हणाले. "लाकडाचा भरवसा नाही."

रात्रीच्या जेवणात त्यांनी मीठ कमी असल्याची तक्रार केली, ती रोजचीच होती. क्लॅम्प सकाळी काढू, तोवर त्या खोलीत कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असा हुकूम सोडला आणि झोपायला गेले.

सकाळी ते उठले नाहीत. आईला आधी वाटलं, सोंग करतायत. चहा करायची पाळी त्यांची असली की ते असंच करत. ती त्यांना दोनदा बोलली, तिसऱ्यांदा बोलली नाही.

क्लॅम्प तसेच राहिले. घरात माणसं येत होती, जात होती, खुर्च्या शेजारून आणल्या जात होत्या, आणि मागच्या खोलीत ती तबली आवळलेली पडून होती. दादा आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो त्याच खोलीत झोपला, कारण ती मुळात त्याचीच खोली. त्याची खाट भिंतीशी उभी करून बाबांनी तिथे कामाचं टेबल केलं होतं, म्हणून त्याने खाली अंथरूण घातलं. गिटारीला त्याने हात लावला नाही. हे काय, असंही विचारलं नाही. जाताना आईला म्हणाला, माझ्याकडे चल. आई म्हणाली, बघू.

दादाचं आणि बाबांचं भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. दादा डावखुरा होता, एवढीच काय ती गोष्ट. बाबांनी त्याच्यावर कधी हात उगारला नाही. त्याने डाव्या हातात पेन्सिल धरली, की ते ती काढून उजव्या हातात द्यायचे. शांतपणे, जशी कुणाची कॉलर सरळ करावी तशी. दादा लिहायला उजव्या हाताने शिकला. पुढे कॉलेजात असताना त्याने मित्राकडून एक जुनी गिटार आणली आणि तिच्या तारा काढून उलट्या क्रमाने लावल्या, म्हणजे ती डाव्या हाताने वाजवता यावी. संध्याकाळी घरी आला तर तारा पुन्हा सुलट्या. त्याने पुन्हा उलटवल्या. बाबांनी पुन्हा सरळ केल्या. हे कितीतरी दिवस चाललं आणि दोघांपैकी कुणीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. लेक तेव्हा शाळेत होती. शाळेतून आली की आधी ती गिटारीकडे बघायची, आज कोणाची पाळी आहे ते कळायला. मग दादाने गिटार परत केली, दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि तो पाहुण्यासारखा येऊ लागला. पुढे तसाही येईना.

लेक घरीच राहिली. का, असं कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिला काही हवंय का असं विचारलं, की ती राहू दे म्हणायची. मग लोकांनी विचारणंच सोडलं.

छापखाना बंद पडल्यावर बाबा लाकूडकामाकडे वळले. आधी एक स्टूल केलं, ते डुगडुगायचं. मग आईच्या औषधांसाठी खणांची पेटी केली, तिचा एक खण उघडायचा नाही. आई म्हणायची, त्यात मी माझं सुख ठेवलंय. त्यानंतर एक दिवस ते म्हणाले, आता एकदा वाजणारी वस्तू करून बघू. कुठूनतरी एका गिटारीचा पुऱ्या मापाचा नकाशा आणून त्यांनी भिंतीवर टाचला. कुणासाठी करताय, हे लेकीने विचारलं नाही. पण दांडीची रुंदी ठरवायची वेळ आली, तेव्हा बाबा तिला म्हणाले, "हात दाखव." त्यांनी तिचा पंजा ताणून धरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं माप पट्टीवर खुणेने घेतलं आणि पुढे कामाला लागले.

त्या दिवसापासून ती डाव्या हाताची नखं बारीक कापायला लागली. तारा दाबायला नखं आड येतात, असं तिने वाचलं होतं.

बाबा गेल्यानंतर तिला एकच गोष्ट हवी होती. आपल्यासाठी केलेली ती एक वस्तू पुरी करायची. ती घरात असली, की बाबांनी आपला विचार केला होता हे कुणाला सांगावं लागणार नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

माणसांची ये-जा थांबल्यावर तिने क्लॅम्प काढले. तबली पक्की बसली होती, कुठे फट नाही. आता पाठ लावून पोट बंद करायचं. पाठ एकदा लागली की आत हात जात नाही, म्हणून बाबा म्हणत, मिटण्याआधी शंभरदा बघावं. तिने गिटारीचं उघडं पोट वर करून नकाशाशेजारी धरलं आणि फासळ्या एकेक करून ताडून पाहिल्या. दोन मोठ्या फासळ्या एकमेकींना छेदून जात होत्या, त्यांच्याखाली दोन लहान, तिरप्या. नकाशात तिरप्या डावीकडून उजवीकडे उतरत होत्या. इथेही तशाच. सगळं तंतोतंत जुळत होतं.

ते जुळायला नको होतं.

नकाशा गिटार समोरून पाहिल्यासारखा काढलेला होता. तसं खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंही होतं. ती बघत होती आतून. आतून बघताना सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसायला हवं, तिरप्या फासळ्या उजवीकडून डावीकडे उतरायला हव्यात. गिटारीच्या एका अंगाला जाड तारा असतात, दुसऱ्या अंगाला बारीक, आणि तिरप्या फासळ्या त्या हिशेबाने बसवतात. बाबांनी त्या बसवल्या होत्या त्या अशा, की जाड तारा दुसऱ्या अंगाला येतील. म्हणजे डाव्या हाताने वाजवणाऱ्यासाठी.

ती टेबलाच्या कडेला टेकली.

बाबा छापखान्यात जुळारी होते. शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळी जुळवायच्या, त्याही उलट्या, म्हणजे कागदावर त्या सुलट्या उमटतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी उलटं वाचण्यात घालवली. एकदा बनियन उलटं घालून बसले होते. आईने टोकलं तर म्हणाले, आतून बघितलं तर बरोबर आहे. असा माणूस नकाशा समोरून आहे की आतून, हे विसरेल? बारीक अक्षरातली ओळ वाचायची सोडेल? ज्याने बारीक अक्षरांवरच घर चालवलं, तो? मग वाटायचं, तोच विसरेल. दुसऱ्या कुणालाही खटकलं असतं. उलटं त्यांच्या डोळ्यांना इतकं सवयीचं होतं की ते त्यांना दिसलंच नसेल.

चूक असेल तर गिटार तिची. चूक नसेल तर दादाची. विचारायला माणूस उरला नव्हता.

तिने आईला आडून विचारलं. आई भाजी निवडत होती. गिटार कुणासाठी होती म्हणे?

"कुणासाठी म्हणजे? त्यांना हात रिकामे ठेवता येत नव्हते," आई म्हणाली. "त्या लाकडाला जेवढं चोळलं, त्याच्या निम्मं मला चोळलं असतं तर माझे गुडघे असे झाले नसते."

लेक म्हणाली, माझ्या हाताचं माप घेतलं होतं त्यांनी.

"घेतील की. दादाचा हात कुठे होता घरात? तुमचे दोघांचे हात एकसारखे. माझ्या वडिलांचे आहेत. लहानपणी तुझे हातमोजे त्याला आणि त्याचे तुला, चालायचं सगळं." आईने एक किडका दाणा बाजूला टाकला. बोलता बोलता आपण काय उचलून नेलं, याचा तिला पत्ताही नव्हता.

लेक उठून मोरीत गेली आणि तिने नळ सोडून ठेवला.

मग कित्येक दिवस मागच्या खोलीचं दार उघडलं गेलं नाही. ती दुकानात जायची, लोकांना विचारायची, आता बरं दिसतं, की मघाशी? लोक गोंधळून म्हणायचे, दोन्ही सारखंच वाटतंय. अशांना ती पूर्वी हसून पुन्हा भिंग दाखवायची. आता तिला त्यांचा संताप यायचा.

पाठ लावायला उजवं-डावं नव्हतं, म्हणून तिने ते काम आधी काढलं. सरस भिजत घातला, मंद आचेवर पातळ केला. बाबा असताना आवळायला चार हात असत, आता दोनच होते. एका बाजूचा बोल्ट पिळेपर्यंत दुसऱ्या बाजूचा सरस साखळून जायचा. पहिल्या खेपेला पाठ वाकडी बसली. वाफेवर धरून, पातळ सुरी घालून तिने ती उचकटली. उचकटताना आईला हाक मारायचं मनात आलं, पण आई दारात येऊन काय बोलली असती ते तिला ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या खेपेला पाठ बसली. पोट मिटलं. फासळ्या आत गेल्या, आणि आता त्या कशा आहेत हे जगात फक्त तिला ठाऊक होतं.

ही गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. घोडी अजून लागायची होती. घोडी म्हणजे तबलीवरचा तो लाकडी ठोकळा, ज्याला तारा अडकतात. तिच्यात हाडाची पट्टी बसवायला किंचित तिरकस खाच असते, ती ज्या बाजूला झुकली त्या बाजूची गिटार होते. तिने उजवी घोडी लावली असती, तर फासळ्या आणि तारा एकमेकींच्या विरुद्ध राहिल्या असत्या. आवाजात फरक पडला असता तो जाणकाराच्याही कानाला जेमतेम कळण्याइतका. बाहेरून कुणाला काही दिसलं नसतं. दादा तर विचारणारच नव्हता.

दांडी बसवली, तिच्यावर पडदे, म्हणजे सुरांच्या धातूच्या बारीक पट्ट्या, ठोकले. एक पडदा वर राहिला, तो कानशीने घासला. मग लाखेचं पॉलिश. कापडाच्या बोळ्याने पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक कागदाने उतरवायचा, पुन्हा द्यायचा. दिलेलं काढायचं आणि काढलेलं पुन्हा द्यायचं, या उद्योगात महिने गेले. लाकूड हळूहळू खोल दिसायला लागलं. आई येऊन म्हणाली, तुझे बाबा परवडले, ते निदान बडबडायचे तरी. त्याच बोलण्यात तिने सांगून टाकलं, की मी दादाकडे जाते. गुडघ्यांना इथले जिने झेपत नाहीत. तिथे लिफ्ट आहे. तुलाही मोकळं होईल. तुला चालेल ना?

"चालेल," लेक म्हणाली. हातातला बोळा तिने थांबवला नाही, थांबवला तर डाग पडतो.

दादा आईला न्यायला येणार हे ठरलं, त्यानंतरच्या रविवारी तिने घोडी कोरायला घेतली. दोन्ही बाजूंचा हिशेब तिने पुन्हा एकदा मांडला. गिटार दादाची असेल आणि आपण आपली करून घेतली, तर आपण मेलेल्या माणसाचं देणं खाल्लं. गिटार आपली असेल आणि दादाला गेली, तर नुकसान फक्त आपलं. हा हिशेब तिला तोंडपाठ होता, घरातली कितीतरी उत्तरं तिने याच हिशेबाने काढली होती. तिने खाच डावीकडे झुकवली, पटाशीने साफ केली आणि सरस लावला.

दादा आला. गेल्या खेपेला तिच्या लक्षात आलं नव्हतं, पण केस पांढरे झाले होते, चालताना बाबांसारखा एक खांदा खाली पडत होता. आईच्या पिशव्या बांधून दारात लागल्या होत्या, औषधांची पेटीही त्यात होती. जेवणं झाल्यावर लेक मागच्या खोलीतून गिटार घेऊन आली आणि तिने ती त्याच्यापुढे धरली. झाली, एवढंच म्हणाली.

दादाने ती लोक घेतात तशी मांडीवर घेतली. मग त्याचं लक्ष तारांकडे गेलं. जाड तार खाली होती. त्याने गिटार फिरवून धरली. आता जाड तार वर आली, आणि डावा हात आपणहून भोकावर येऊन थांबला. कितीतरी वर्षांत त्याने वाजवली नव्हती. बोटं अडखळत होती, एक सूर फुटका लागला, मग एक बरा लागला. आवाज मोठा नव्हता, पण खोल होता, आणि तारेवरचं बोट उचलल्यावरही थोडा वेळ रेंगाळत होता.

"बाबांनी अशी केली?" दादाने विचारलं.

तिने कुठलं काम कुणाचं ते सांगितलं. तबली आणि फासळ्या बाबांच्या. पाठ, पडदे, पॉलिश, घोडी तिची. फासळ्या डावखुऱ्यासाठी बसवलेल्या आहेत, हे सांगितलं. त्या चुकून तशा बसल्या असतील, हे सांगायचं तिने टाळलं.

दादा मान खाली घालून तबलीवरून अंगठा फिरवत राहिला. त्याला वाटायचं, म्हणाला, की बाबांना ते तारांचं प्रकरण आठवतही नसेल. आईने पदर डोळ्यांना लावला. खोलीत सगळं कसं मिटल्यासारखं झालं होतं, जणू सगळ्यांना आपापलं मिळालं होतं. दादाने वर बघितलं.

"तुला म्हणाले होते का गं? माझ्यासाठी करतायत म्हणून?"

एका अक्षराचं काम होतं. तिने 'हो' म्हटलं असतं, तर दादा ते घेऊन उरलेला जन्म सुखाने जगला असता. आईच्या चेहऱ्यावरही तेच होतं, की म्हण, हो म्हण. लेकीने तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही म्हणाले. तुझं नाव घेतलं नाही, माझंही नाही. नकाशा उलटा धरायचा राहून गेला असेल, नाहीतर मुद्दाम तसा धरला असेल. मला कळलं नाही. आता कळणारही नाही."

दादाने हळूच विचारलं, मग तू घोडी डावी का लावलीस.

"कारण चूक झाली असली तर फक्त माझं जाणार होतं."

"अगं, आत्ता कशाला हे..." आई म्हणाली.

"आत्ताच, आई." तिचा आवाज चढला नव्हता, पण तो तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "ती मला हवी होती, दादा. ते माझ्यासाठी करतायत असं मला वाटत होतं, म्हणून मी दर रविवारी तिथे उभी राहायचे. मला हवी होती. अजूनही हवी आहे."